ठिणगीचं गोत

प्रश्न : एका व्याख्यानाच्या कौतुकात ‘सिंटिलेटिंग’ हा शब्द वाचला. मुलीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही ‘सिंटिलेशन’ आहे. दोन्ही एकच का?

उत्तर : एकच. लॅटिनमध्ये ‘सिंटिला’ म्हणजे ठिणगी. त्यावरून चमचमणारं ते सिंटिलेटिंग, मग तारा असो की वक्ता. मुलीला हे जरूर सांगा : 1909 साली मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन हे रदरफोर्डचे सहकारी काळोखात बसून, आधी डोळे अंधाराला सरावू देऊन, सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळताच क्षणभर उमटणारे प्रकाशाचे ठिपके एकेक करून मोजत होते. त्या मोजणीतूनच पुढे रदरफोर्डना अणुकेंद्रकाचा पत्ता लागला. ती लुकलुक म्हणजे सिंटिलेशन.

मला मात्र या शब्दाची भावंडं जास्त आवडतात. जुन्या फ्रेंचमध्ये येताना शब्दातल्या ध्वनींची अदलाबदल झाली आणि त्या रूपातून इंग्रजीला ‘टिन्सेल’ मिळाला, म्हणजे आपली जरीची झिरमिळी. ‘स्टेन्सिल’ही तिथलाच, मूळ क्रियापदाचा अर्थ चमकत्या ठिपक्यांनी सजवणं. आजोळी आंब्याच्या पेट्यांवर पत्र्याचा छाप ठेवून निळ्या शाईनं नाव उठवायचे. त्या शाईनं माखलेल्या पत्र्याच्या पोटात ठिणगी आहे, हे कळलं तेव्हा मी हरखून गेले होते.

भाषांतर करताना एक सांभाळा. मराठीत दोघांत ठिणगी पडली की भांडण होतं. म्हणून तारा लुकलुकू द्या, व्याख्यानाला ‘बहारदार’ म्हणा.