येऊरचा वणवा: जंगल पुन्हा उभं करायला सरकारी पैसा मिळतो का?

ठाण्यात घोडबंदर रोडवरून दर उन्हाळ्यात येऊरच्या डोंगरावर जाळ दिसतो, तर चार सोसायट्यांनी मिळून झाडं लावायला सरकारकडून निधी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. थेट तुमच्या खात्यात नाही मिळणार. डोंगरासाठी मात्र पैसा असतो. त्याआधी आमची फजिती ऐका.

मी उपवन तलावाजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी जुलैत आमच्या गटाने रीतसर परवानगी काढून एका उतारावर दोनशे रोपं लावली. करंज, ऐन, खैर, बहावा. फोटो झाले, वडापाव झाले. दिवाळीपर्यंत गवत कमरेला लागलं आणि फेब्रुवारीत एका रात्रीत सगळं काळं. मोजायला गेलो तर सतरा रोपं शिल्लक. ज्या कंपनीने रोपांचे पैसे दिले होते, ती पुढच्या जुलैत पुन्हा दोनशे रोपं द्यायला तयार! गवत कापायच्या मजुरीला मात्र नकार. कापलेल्या गवताचा फोटो कोण बघणार?

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत, गवतातून आणि पाचोळ्यातून सरकतो. मोठा साग, मोठा ऐन त्यातून तगतो. मरतात ती दोन-तीन वर्षांची पोरं. दरवर्षी हेच झालं की वर म्हातारी झाडं, खाली गवत, आणि पहिल्या पावसात माती ओढ्यात. जुनी झाडं बी टाकतच असतात, त्यामुळे सलग तीन-चार वर्षं आग आवरली तर लावल्यापेक्षा आपोआप उगवलेलंच जास्त दिसतं. म्हणून माझं मत, रोपांसाठी पैसे मागूच नका. जाळरेषेसाठी मागा. जाळरेषा म्हणजे हंगामाआधी गवताचा पट्टा कापून, तो आपल्या देखरेखीत जाळून मोकळा करायचा. पलीकडून आलेल्या आगीला मग खायला काही उरत नाही.

यासाठी केंद्राची वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. जाळरेषा, टेहळणी मनोरे, हंगामी अग्निरक्षकांची मजुरी त्यात बसते. दुसरा मोठा झरा कॅम्पाचा, म्हणजे वनभरपाई निधीचा. रस्त्या-धरणांसाठी वनजमीन वळवली की प्रकल्पवाल्यांना भरपाई भरावी लागते. २०१६ च्या कायद्यानुसार त्यातला ९० टक्के वाटा राज्याकडे येतो. शहरालगतच्या उजाड जागेसाठी २०२० ची नगर वन योजना आहे, हेक्टरी ४ लाख रुपये. पण हे सगळे पैसे वनविभागामार्फत, त्यांच्या वार्षिक आराखड्यातूनच खर्च होतात. त्यामुळे मे महिन्यात धूर बघून अर्ज करण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सुमारास वनक्षेत्रपालांना भेटा, कुठल्या उतारावर दरवर्षी जळतं ते नकाशावर दाखवा, आणि जाळरेषा १५ फेब्रुवारीच्या आत कापून व्हावी असं लेखी द्या. तारखेचं कारण असं की वणव्याचा हंगाम तिथून १५ जूनपर्यंत धरतात.

अजून एक मागा: अग्निरक्षक पाड्यांवरचेच घ्या. आग लागली की हिरव्या फांद्या घेऊन ती झोडपायला पहिल्यांदा धावतात ते वारली पोरं, आणि गॅलरीतून बघणारे आपण म्हणतो, ‘आदिवासींनीच लावली असणार.’ मोहाची फुलं वेचताना पाचोळा जाळतात, भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा, भाजताना ठिणगी उडते, हे खरं आहे. पण शनिवारी रात्री डोंगरात बसून सिगारेट फेकणारे पाड्यांवरचे नसतात.

तुम्ही स्वतः आग विझवायला चढू नका. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे मोबाईल नोंदवलात तर उपग्रहाला दिसलेल्या आगीचा संदेश फुकट येतो, पण छोटी आग उपग्रहाच्या नजरेतून सुटते. त्यामुळे डोळ्यांना दिसली की लगेच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. ‘येऊरला आग’ एवढंच सांगू नका. कुठल्या पाड्याच्या वर, कुठल्या ओढ्याच्या कोणत्या बाजूला, ते सांगा. डोंगर मोठा आहे, आणि रात्री चालत जाणारे दोघं-चौघंच असतात.