अंगावरून पांढरे जाणे : तपासणीआधी गोळी नको

‘अंगावरून जाते, एखादी गोळी सुचवा’ अशी पत्रे सतत येतात आणि त्यांपैकी बहुतेकींची तपासणी झालेलीच नसते, म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : वय 22. दोन पाळ्यांच्या मध्यावर पारदर्शक, चिकट स्राव होतो. हा आजार आहे का?

नाही. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास असा स्राव होणे नैसर्गिक आहे. वास, खाज किंवा आग नसेल तर औषध नको.

प्रश्न : पांढरे गेल्याने हाडे झिजतात, असे सासूबाई म्हणतात. माझी कंबरही दुखते.

हाडांतले काहीही या वाटेने जात नाही. कंबरदुखीचे कारण वेगळे शोधावे लागेल, त्यासाठी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय 44. चार महिने पिवळसर, वास येणारा स्राव आहे, संबंधानंतर कधी रक्ताचा डाग दिसतो. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांच्या किटने थोडे दिवस बरे वाटते. पुन्हा तेच घेऊ का?

मुळीच घेऊ नका. बुरशी आणि जंतू यांवरची औषधे एका पाकिटात घालून ती न तपासता विकणे हा रुग्णाच्या संकोचावर चाललेला व्यापार आहे. दह्यासारखा स्राव व खाज बुरशीकडे, माशासारखा वास जिवाणूंच्या बिघडलेल्या समतोलाकडे आणि हिरवट, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीकडे बोट दाखवतो खरा, पण हे प्रकार एकमेकांत मिसळतात आणि रंगावरून केलेले निदान वारंवार चुकते. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारे साधन) लावून गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहणे, स्रावाची आम्लता मोजणे (पीएच 4.5 पेक्षा जास्त, म्हणजे आम्लता कमी असणे ही जिवाणूंच्या बिघडलेल्या समतोलाची किंवा ट्रायकोमोनासची महत्त्वाची खूण आहे), थेंबभर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका शोधणारी पॅप किंवा एचपीव्ही चाचणी करणे, एवढ्याने बहुतेक वेळा उलगडा होतो. ट्रायकोमोनास आढळल्यास पतीवरही उपचार करावे लागतात, अन्यथा संसर्ग परत येतो. संबंधानंतरच्या रक्तस्रावाचे कारण पुष्कळदा साधी सूज किंवा गर्भाशयमुखावरची छोटी मांसल वाढ (पॉलिप) असते; परंतु गर्भाशयमुखाचा कर्करोगही असाच सुरू होतो, आणि किटमुळे मिळालेला तात्पुरता आराम तो ओळखण्याचे महिने खाऊन टाकतो. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि तोवर योनिमार्गात कोणतेही औषध घालू नका.

प्रश्न : सुगंधी वॉश रोज वापरावा का?

नको. योनिमार्गातील उपकारक जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून त्याचे रक्षण करतात. आतून धुण्याने ते कमी होतात. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे, जाहिरात काहीही सांगो.

प्रश्न : वय 37. दह्यासारखा स्राव आणि खाज वर्षभरात चार-पाच वेळा झाली.

रक्तातील साखर तपासा. मधुमेहात बुरशी वारंवार उलटते. पुढच्या वेळी औषध घेण्याआधी स्राव तपासून घ्या.

प्रश्न : सातवा महिना आहे. कालपासून पाण्यासारखे जाते आणि कपडे भिजतात.

गर्भजल गळत असण्याची शक्यता आहे. उत्तर वाचून होताच रुग्णालयात जा.