बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही. बॉस्टनला फेनवे पार्कवर सामना बघायला गेलो तर कंटाळा येईल का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये मुलाकडे बॉस्टनला जाताय, त्याने तिथल्या रेड सॉक्स संघाच्या सामन्याची तिकिटं आधीच काढून ठेवली आहेत, आणि जन्मभर क्रिकेट बघितलेल्या माणसाने तिथे तीन तास बसून करायचं तरी काय. माझ्या बाबांनी मला हेच विचारलं होतं, जरा जास्त कडक शब्दांत. म्हणून त्यांचाच किस्सा सांगतो.

बाबा सांगलीचे. "विजय हजारेंच्या गावचा" अशी स्वतःची ओळख करून देणारे. रेडिओवर कॉमेंटरी ऐकत चौकटीच्या वहीत एकेक चेंडू मांडायची त्यांना सवय होती. टीव्ही आला तरी ती सुटली नाही. त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी मी बेसबॉलचे नियम समजावण्याच्या फंदात पडलोच नाही. इंटरनेटवर कोरी स्कोअरशीट मिळते, ती छापली आणि एक पेन्सिल दिली. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याचा तपशील.

त्या कागदावर खेळाडूंच्या जागांना आकडे असतात. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा १, कॅचर म्हणजे बॅटरमागे तो पकडणारा २, मग धावताना गाठायचे टप्पे म्हणजे बेस, त्यांवरचे खेळाडू: पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि लांबचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्यावर गेला आणि दोघे बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. बॅट फिरवून चुकला किंवा नीट आलेला चेंडू सोडला की स्ट्राइक, असे तीन होऊन गेला तर के. शेवटच्या स्ट्राइकला बॅट न हलवता नुसता बघत उभा राहिला असेल तर तोच के उलटा काढायचा. हा उलटा के बाबांना फार आवडला. "म्हणजे सोडलेल्या चेंडूवर त्रिफळा," ते म्हणाले, आणि त्यांची गाडी रुळावर आली.

टॉस नसतो, पाहुणा संघ नेहमी आधी बॅटिंग करतो, तीन बाद झाले की अदलाबदल, दोघांची बॅटिंग झाली की एक डाव, असे नऊ डाव. एवढ्यावर निघालात तरी चालेल.

आता मैदानाबद्दल, कारण तुमच्या मुलाने नेमकं फेनवे निवडलंय हे तुमचं भाग्य. ते १९१२ साली सुरू झालं आणि अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं आज वापरात असलेलं सगळ्यात जुनं मैदान आहे. शहराच्या गल्ल्यांमध्ये जेवढी जागा मिळाली तेवढ्यात बसवलेलं. डावीकडे लगेच रस्ता आहे, त्यामुळे तिथे जी भिंत आहे ती ३७ फूट उंच, म्हणजे आपल्याकडची तीन-चार मजली इमारत. हिरवा रंग दिलेली, म्हणून ग्रीन मॉन्स्टर. बॅटरपासून ती फक्त ३१० फुटांवर आहे. दुसऱ्या मैदानावर सहज झेल झाला असता असा उंच उडालेला चेंडू इथे भिंतीवरून जाऊन होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा, होतो. आणि सणसणीत सपाट मारलेला, जो कुठेही होम रन झाला असता, तो भिंतीवर आपटून परत येतो आणि बिचाऱ्याला दोन बेसवर समाधान मानावं लागतं. बाबा हे बघून खूश. "अरे, हे तर आमच्या वाड्यातलं क्रिकेट! देशपांड्यांच्या भिंतीला लागला तर दोन, वरून गेला तर आउट." इथे वरून गेलेला आउट धरत नाहीत एवढाच फरक.

भिंतीच्या पायथ्याला धावफलक आहे आणि तो अजून हाताने बदलतात. आत माणसं बसलेली असतात, पाट्या सरकवतात. पहिल्या डावानंतर तिकडे बघत राहा, पाटी सरकताना दिसेल. आणि उजवीकडे लांब, हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला चेंडू तिथे पडला होता, ५०२ फुटांवर. रिकाम्या जागेत नव्हे, तिथे बसलेल्या गृहस्थांच्या गवती टोपीवर. मुलाला सांगा, सामन्याआधी तासभर पोचू आणि ती खुर्ची जवळून बघू. तिथे उभं राहून बॅटरची जागा शोधली की ५०२ फूट म्हणजे काय ते पोटात कळतं.

तिकिटांचं एक बघून घ्या. छताखालच्या जुन्या लाकडी खुर्च्यांच्या भागात लोखंडी खांब आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वस्त मिळालं म्हणून तिकीट घेतलं, बारीक अक्षरातलं वाचलं नाही, आणि अख्खा सामना पिचर दिसत नव्हता. कॅचर चेंडू पकडायचा तेव्हा कळायचं की टाकला होता. त्या खुर्च्या अरुंदही आहेत. गुडघे दुखत असतील तर कडेची जागा बघा.

शेंगा मात्र घ्याच. भाजलेल्या, टरफलासकट पिशवीत मिळतात, आणि टरफलं खाली टाकायची हाच तिथला रिवाज. बाबांनी आधी रुमालात गोळा करायला सुरुवात केली. शेजारच्या रांगेतला माणूस खुशाल पायाशी ढीग करतोय हे बघितल्यावर म्हणाले, "टिळक इथे शिकायला असते तर तो धडाच पुस्तकात आला नसता." शाकाहारी असाल तर फेनवे फ्रँक म्हणून जे प्रसिद्ध सॉसेज आहे ते सोडून द्या. पॉपकॉर्न आणि शेंगांवर निभतं, पण घरून पोटभर जेवून निघा.

तिसऱ्या डावात एक फाउल, म्हणजे हद्दीबाहेर उडालेला, चेंडू आमच्या दोन रांगा पुढे आला. एका मुलाने एका हातात बिअर सांभाळत दुसऱ्या उघड्या हाताने तो पकडला. बिअर निम्मी पुढच्याच्या मानेवर. सगळे टाळ्या वाजवतायत आणि बाबा उभे राहून मराठीत ओरडतायत, "अरे, परत टाक की, खेळ थांबलाय!" खेळ अजिबात थांबला नव्हता. अंपायरच्या पिशवीत दुसरा चेंडू तयार असतो, आणि प्रेक्षकाकडे आलेला चेंडू प्रेक्षकाचा. बाबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्या मुलाने तो मागच्या रांगेतल्या लहान मुलीला दिला, तेव्हा जरा शांत झाले. यात एक सावधगिरीचं: बॅटरमागे आणि दोन्ही बाजूंना जाळी असते, पण तिच्या पलीकडे आणि वरून चेंडू येतो, आणि तो क्रिकेटच्या चेंडूइतकाच टणक असतो. पिचर हात उचलतो तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवा.

बाबांच्या डावीकडे एक सत्तरीच्या बाई एकट्या बसल्या होत्या, त्याही कागद भरत होत्या. पाचव्या डावात त्यांनी बाबांच्या कागदात डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बाबांनी आकडे देवनागरीत लिहिले होते. आता तुम्हीच बघा, आपला ४ त्यांना इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ नऊसारखा. त्यांच्या दृष्टीने बाबांच्या कागदावर दुसऱ्या बेसचं काम सेंटर फील्डर करत होता आणि पिचरने अडवलेला चेंडू थेट उजव्या कोपऱ्यातून येत होता. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, की आपण वेगळा सामना बघतोय का. मी मध्ये पडून उलगडा केला. मग दोघांनी कागदाच्या कडेला एकमेकांचे शून्य ते नऊ लिहून घेतले, आणि सातव्या डावापर्यंत माझी दुभाष्याची नोकरी गेली. १९१८ नंतर या संघाने अजिंक्यपद थेट २००४ मध्ये जिंकलं, ८६ वर्षं वाट बघितली, हे त्या बाईंनी बाबांना बोटांवर मोजून सांगितलं. बाबांनी १९३२ ते १९५२ सांगितलं, भारताच्या पहिल्या कसोटीपासून पहिल्या कसोटी विजयापर्यंत. माझ्या मते तिथे बाबा हरले, पण बोललो नाही.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उठून आळोखेपिळोखे देतात, तुम्हीही द्या, पाय मोकळे होतात. आठव्याच्या मध्यावर सगळं मैदान एक जुनं गाणं एका सुरात म्हणतं. शब्द येत नसले तरी ओळीच्या मधले तीन हुंकार दुसऱ्या कडव्यापर्यंत येतात.

वेळेची काळजी नको. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. पूर्वी तीन तास सहज ओलांडायचे, आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतं. जाताना ट्रेनने जा, केन्मोर स्टेशनवर उतरून गर्दीमागे चालत सुटायचं. पार्किंगचे दर ऐकून बाबांनी रुपयांत हिशेब केला होता, तुम्ही करू नका. जून असला तरी रात्रीसाठी स्वेटर ठेवा. मोठी बॅग नेऊच नका.

आमच्या सामन्यात नवव्या डावाचा पहिला अर्धा संपला तेव्हा रेड सॉक्स पुढे होते, म्हणून दुसरा अर्धा खेळलाच नाही. बाबा शेवटच्या चौकटी कोऱ्या ठेवायला तयार नव्हते. त्या बाईंनीच त्यांच्या पेन्सिलीने तिथे फुली मारून दिली. परत येताना ट्रेनमध्ये बाबांनी विचारलं, "उद्या कुणाशी आहे?" म्हटलं, याच संघाशी. परवाही यांच्याशीच. "म्हणजे टेस्टच झाली की," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओची कॉमेंटरी चालू होती, कागद मागच्या बाजूने भरत होता, आणि मला हाताने गप्प बस अशी खूण झाली.