टाकी कड्याबाहेर का पडतात?

प्रश्न : गडावरची टाकी, जोती मोबाइलच्या जीपीएसने नोंदवली. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षण खात्याच्या भूनकाशावर) टाकली, तर सगळी एकाच दिशेला सरकून निम्मी कड्याबाहेर! जीपीएस बिघडलं का? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : नाही. जीपीएसची चूक पाच-दहा मीटरची आणि वाट्टेल त्या दिशेला असते (कड्याला खेटून उभं राहिलात तर जास्त). सगळे बिंदू एकाच दिशेला सरकले, तर गफलत डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याची. जुनी टोपोशीट ‘एव्हरेस्ट’ नावाच्या लंबगोलावर (पृथ्वीच्या मानलेल्या आकारावर) बेतलेली, मोबाइल मात्र जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. तुमच्या भागात फरक शंभर-सव्वाशे मीटरचा.

टोपोशीटचं स्कॅन जिओरेफरन्स करताना (म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना) अक्षांश-रेखांशांच्या छेदांवर, चारही कोपरे धरून आठ-दहा बिंदू द्या आणि निर्देशांक प्रणाली ‘कल्याणपूर १९७५’ (यादीतला तिचा क्रमांक ईपीएसजी ४१४६) निवडा. डब्ल्यूजीएस ८४ मध्ये नेताना २९५, ७३६, २५७ हे आकडे (तीन अक्षांवर किती मीटर सरकवायचं ते) असलेलं रूपांतर घ्या. ‘बॉलपार्क’ (डेटमचा फरक न धरणारं ढोबळ रूपांतर) घेतलंत, तर नकाशा होता तिथेच राहतो; बहुतेकजण इथेच फसतात. मग उपग्रहचित्रावर देऊळ किंवा रस्त्यांचा तिठा पडताळा. नदीकाठ नको, तो बदलतो.

अंतरं मोजायला मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रणालीचा पट्टा ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) वापरा. नागपूरकडच्या वाचकांनी मात्र पट्टा ४४.