तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : पार्सल निघालं, पण पोचलंच नाही

प्रश्न : ताई, मी माझी वापरलेली कॅमेऱ्याची लेन्स ऑनलाइन विकली. कुरिअरने पाठवली, ट्रॅकिंगवर चक्क 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि घेणारा म्हणतो मला काहीच मिळालं नाही. आधी तीन दिवस नीट बोलत होता, काल त्याने साइटवर डिस्प्यूट, म्हणजे माझ्याविरुद्ध तक्रार, टाकला. पैसे अडकले, लेन्सही गेली. मला सारखं वाटतंय की तो खोटं बोलतोय. काय करू? (नाव छापू नका.)

उत्तर : तुमची चिडचिड समजते मला. पण त्याला खोटारडा म्हणू नका, चॅटमध्ये तर अजिबातच नको, कारण तेच चॅट उद्या साइटवाले वाचणार आहेत. आणि तो खरंही बोलत असेल हो. 'डिलिव्हर्ड' हा नुसता एक स्कॅन असतो, डिलिव्हरीवाल्याने मशीनवर तशी नोंद केली एवढाच त्याचा अर्थ. दिवसभराचा आकडा पूर्ण दाखवायचा म्हणून पार्सल गाडीत असतानाच तशी नोंद मारून टाकतात आणि माल दुसऱ्या दिवशी देतात असं होतं, शेजारी देऊन जातात असं होतं, घरातल्याच कुणीतरी घेऊन कुठेतरी ठेवलंय आणि सांगायचंच विसरलंय असंही होतं. म्हणून त्याला साध्या भाषेत लिहा की घरात, शेजारी, गेटवर एकदा विचारून बघाल का, तोवर मी कुरिअरकडे चौकशी लावतेय, उद्या संध्याकाळपर्यंत कळवते. आणि उद्या संध्याकाळी कळवाच, काही हाती लागलेलं नसलं तरी. अर्धे डिस्प्यूट पार्सल हरवल्यामुळे नाही, तर सेलर गप्प बसल्यामुळे चिघळतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुरिअरकडे वळा. फोनवर बोलून थांबू नका, तक्रार लेखी द्या आणि तिचा नंबर घ्या. मागायचं ते पीओडी, म्हणजे डिलिव्हरीचा पुरावा. त्यात सही आहे का, कोणाच्या नावाची आहे, दारातला फोटो आहे का, ओटीपी घेतला होता का, स्कॅन मारला तेव्हा मशीनचं लोकेशन काय होतं, हे एकेक करून विचारा. हे लगेच करायला हवं, आठवड्याने विचारलं तर त्या माणसाला तो दिवस आठवणारही नाही. पीओडी आलं की त्यावरचा पत्ता, तुमच्या लेबलवरचा पत्ता आणि साइटवर ऑर्डरमध्ये दिलेला पत्ता, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. बायरने चॅटमध्ये "जरा दुसऱ्या पत्त्यावर पाठवा ना" म्हटलं आणि आपण चांगुलपणाने पाठवलं, तर बऱ्याच साइट्सचं सेलर प्रोटेक्शन, म्हणजे विकणाऱ्याला मिळणारं संरक्षण, तिथेच संपतं. पुढच्या वेळी असं कोणी म्हणालं तर ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा ऑर्डर करायला सांगा.

डिस्प्यूटच्या पानावर उत्तराची शेवटची तारीख असते, ती आधी बघा. ती चुकली तर तुम्ही कितीही खरे असा, केस बहुतेक बायरच्या बाजूने बंद होते. उत्तर लांबलचक नको. पाठवल्याची तारीख, ट्रॅकिंग नंबर, बुकिंगची पावती, पीओडी आणि पार्सलचं वजन एवढं जोडा. वजन यासाठी की "डबा आला पण आत काहीच नव्हतं" असा दावा झाला तर पावतीवरचं वजनच तुमच्या बाजूने बोलतं. महागाच्या वस्तूला सही घेणारी डिलिव्हरीच निवडायची. ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या पेपाल सेवेचंच घ्या ना, एकूण रक्कम ७५० अमेरिकन डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर नुसतं 'डिलिव्हर्ड' त्यांना पुरत नाही, सहीचा पुरावा लागतो. तिथे पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत डिस्प्यूट टाकता येतो, म्हणजे पावत्या महिन्याभरात फेकून द्यायच्या नाहीत.

आणि पीओडीवर सही भलत्याचीच निघाली, किंवा लोकेशन दुसऱ्याच गल्लीतलं निघालं, तर मग मन घट्ट करा आणि त्याचे पैसे परत द्या. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. भांडणं दोन आहेत. तुमचा आणि बायरचा व्यवहार एक, तुमचा आणि कुरिअरचा दुसरा. कुरिअरला पैसे तुम्ही दिलेत, करार तुमचा आहे, बायरला तिथे कोणी विचारत नाही. त्यामुळे "कुरिअरने भरपाई दिली की तुम्हाला देते" हे त्याला सांगणं बरोबर नाही, ते पैसे कधी येतील, किती येतील, याच्याशी त्याचा काय संबंध?

रिफंड मात्र त्या डिस्प्यूटच्या पानावरूनच द्या. मी हे स्वतः भोगलंय म्हणून इतकं जोर देऊन सांगतेय. मी विणलेला एक स्वेटर वाटेत हरवला होता, बाई भली होती, मीही भलेपणाने तिच्या बँक खात्यात सरळ पैसे टाकले आणि विषय संपला असं समजले. तिने साइटवरची केस बंद केलीच नाही, विसरली बिचारी, आणि दोन आठवड्यांनी साइटने तेवढेच पैसे माझ्या खात्यातून पुन्हा कापले. ते परत मिळवायला मला दोन महिने लागले, तेही ती बाई प्रामाणिक होती म्हणून. कार्डाने पैसे दिले असतील तर अजून एक धोका आहे, बायर स्वतःच्या बँकेतून चार्जबॅक लावू शकतो, म्हणजे बँकेला सांगून दिलेले पैसे परत खेचू शकतो, आणि ते काम साइटच्या बाहेर चालतं. एकाच ऑर्डरवर डिस्प्यूट आणि चार्जबॅक दोन्ही दिसले तर दोन्हीकडे लगेच कळवा की हा व्यवहार दुसरीकडे चालू आहे.

प्रश्न : मी परदेशात पुस्तकं पाठवते, पोस्टाने. एका पार्सलचं ट्रॅकिंग बारा दिवस एकाच जागी अडकलंय. बायर म्हणतो तुम्ही तुमच्या पोस्टात विचारा, पोस्टातले म्हणतात थांबा. मी लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या विक्रीच्या जाहिरातीत, स्पष्ट लिहिलंय की पाठवल्यावर जबाबदारी माझी नाही. तरी मलाच भरावं लागेल का?

उत्तर : बायर बरोबर सांगतोय, चौकशीचा अर्ज साधारणपणे पाठवणाऱ्यानेच करायचा असतो. जागतिक टपाल संघटनेच्या नियमात पोस्ट केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने चौकशी करता येते, पण एवढे दिवस वाट बघत बसू नका, कारण बऱ्याच साइट्सवर बायरची डिस्प्यूट टाकायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते आणि तो तोपर्यंत थांबणार नाही, त्याने थांबावं असंही नाही. नंबर नीट बघा. आंतरराष्ट्रीय पोस्टाचा नंबर तेरा खुणांचा असतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, मग पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. सुरुवात 'आर'ने असेल तर रजिस्टर्ड, 'सी'ने असेल तर पार्सल, 'ई'ने असेल तर ईएमएस, म्हणजे पोस्टाची जलद सेवा. नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना एक आकडा चुकला की नंबर बहुतेक वेळा चालतच नाही. तोच नंबर ज्या देशात पार्सल चाललंय तिथल्या पोस्टाच्या साइटवर टाकून बघा, कधीकधी इकडे बारा दिवस काही हलत नाही आणि तिकडे कस्टम्समध्ये पडलेलं दिसतं, बायरने एक कागद दिला की सुटतं.

आणि तुमच्या त्या ओळीबद्दल. युरोपियन युनियनमध्ये २०११ च्या ग्राहक हक्कांच्या निर्देशाचं कलम २० आहे, ब्रिटनमध्ये २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टचं कलम २९ आहे, दोन्हीकडे धंदा म्हणून विकणाऱ्याची जोखीम वस्तू ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत संपत नाही. तुम्ही लिस्टिंगमध्ये काहीही लिहा. सूट एकच, तुम्ही सुचवलेलं नसताना कुरिअर बायरने स्वतः ठरवलं असेल तर. घरातली एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या साध्या माणसाला हे कायदे तसे लागू होत नाहीत, पण तुम्ही नेहमी विकता, आणि साइटचे नियम तर दोघांनाही सारखेच बांधतात. ती ओळ काढून टाका. त्याऐवजी किती दिवसांनी पार्सल हरवलं असं धरणार ते लिहा, बायरला त्याचाच उपयोग आहे.

प्रश्न : कुरिअरवाले म्हणतात डिक्लेर्ड व्हॅल्यू (पाठवताना आपण सांगितलेली वस्तूची किंमत) लिहिली होती तरी पूर्ण भरपाई नाही मिळणार. असं कसं?

उत्तर : डिक्लेर्ड व्हॅल्यू म्हणजे इन्शुरन्स असं आपण समजतो, पण ते एकच नव्हे. ती बहुतेक ठिकाणी भरपाईची वरची मर्यादा असते, आणि तेवढ्या किमतीची वस्तू होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं. साइटवरची विक्रीची पावती जोडा, "मी नवी एवढ्याला घेतली होती" हे सहसा चालत नाही. त्यांच्या अटींमधली वगळलेल्या वस्तूंची यादी वाचा, त्यात तुमची वस्तू असेल तर मर्यादा कितीही लिहा, काही मिळणार नाही. नकार आला तर कुठल्या कलमाखाली दिला ते लेखी मागा, मग पुढची तक्रार करता येते.

प्रश्न : मी रिफंड दिला आणि सात आठवड्यांनी पार्सल बायरला मिळालं. त्यानेच कळवलं. आता पैसे मागणं वाईट दिसेल का?

उत्तर : मुळीच नाही, त्याने कळवलंय म्हणजे त्याला द्यायचेच आहेत. दोन पर्याय द्या, वस्तू ठेवायची असेल तर पैसे पुन्हा पाठवा, नको असेल तर परत पाठवा, भाडं मी देते. नवीन पेमेंट शक्यतो त्याच साइटवरून नवी ऑर्डर टाकून घ्या. आणि कुरिअरकडून भरपाई घेतली असेल तर त्यांनाही पार्सल सापडल्याचं कळवा, ते पैसे आता तुमचे नाहीत.