सिल्की (मऊ, लोकरीसारख्या पिसांची छोटी कोंबडी) जातीची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, ८५० ग्रॅमच भरली, वजन कमी आहे का? आणि थंडीत खुराड्यात उबेसाठी लाल दिवा लावावा का?

८५० ग्रॅम अजिबात कमी नाही. ‘मादी १.३६ किलोची हवी’ हे तुम्ही वाचलंत ते ब्रिटिश मानक आहे. तिकडे सिल्की मोठ्या जातींत धरतात. कोंबडा १.८ किलो, कोंबडी १.३६ किलो, आणि त्यांची बँटम, म्हणजे बुटकी सिल्की वेगळी. अमेरिकेत सिल्की ही बँटमच. इथल्या मानकात कोंबडा साधारण एक किलो, कोंबडी ९०० ग्रॅम आणि तलंग ८०० ग्रॅमच्या आसपास. तुम्ही शिकागोजवळ पिल्लं घेतलीत, म्हणजे ती इथल्याच वाणाची असणार. तुमची तलंग उलट जराशी भरलेलीच आहे.

पण हे मानक प्रदर्शनातल्या परीक्षकांसाठी असतं. घरच्या कोंबडीची तुलना तिच्याच मागच्या वजनाशी करायची. सिल्कीच्या बाबतीत तर काट्याशिवाय गत्यंतर नाही, कारण तो सगळा पिसांचा फुगारा फसवा असतो. आत कोंबडी निम्मी झाली तरी बाहेरून गुबगुबीतच दिसते.

स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. त्यावर उभट डबा किंवा लहान बादली ठेवून काटा शून्यावर आणा, कोंबडी आत बसवा, वरून टॉवेल टाका. अंधार झाला की सिल्की गप्प बसते, ही जात मुळातच शांत. वजन सकाळी, दाणा टाकायच्या आधी घ्या. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी दाण्यापाण्याने टच्च भरलेली असते आणि एवढ्याशा जिवात तेवढ्यानेही आकडा बराच बदलतो. हिवाळ्यात मी दर आठवड्याला घेते आणि वहीत लिहून ठेवते. त्याच वेळी छातीचं हाड चाचपायचं. दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक, हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर काटा काहीही म्हणो, कोंबडी खंगली आहे.

दहा टक्के घट, म्हणजे तुमच्या तलंगेची ८५ ग्रॅम, ही माझ्या मते थांबून बघायची वेळ. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल तर वजन उतरणारच. सिल्कीला खुडूक व्हायला निमित्त लागत नाही, खाली अंडं नसलं तरी बसते. तिला दिवसातून एकदा उचलून दाण्यापाशी ठेवायची. पिसं गळायच्या दिवसांतही थोडं घटतं. यांपैकी काही नसेल तर शेपटीखालची पिसं फुंकर मारून उवा-पिसवा बघा आणि जंतांसाठी विष्ठा तपासून घ्या. एक पाय पुढे, एक मागे असा ताणून पडत असेल तर मॅरेक्सची (पाय लुळे पाडणारा विषाणूचा आजार) शंका घ्यायची आणि पशुवैद्य गाठायचा. सिल्कीत हा आजार बऱ्यापैकी दिसतो.

आता थंडी. आम्ही मिशिगनच्या पश्चिम भागात राहतो, मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ इथे ठरलेला. सिल्की कोरडी असेल तर तिला थंडी चांगली सोसते. ती ओली झाली की मात्र अवघड. इतर कोंबड्यांच्या पिसातले धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पाणी वरून ओघळून जातं. सिल्कीच्या पिसांना ते आकडेच नसतात. पाणी थेट कातडीपर्यंत जातं आणि वाराही आत शिरतो.

म्हणून दिव्याच्या आधी खुराड्याची हवा बघा. थंडी आली की आपला पहिला विचार सगळ्या फटी बुजवायचा. तसं केलं की रात्रभर कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आतच साचते, आणि हिमदंश त्या ओलीने होतो. झोपायच्या उंचीवर वारा लागू नये, पण छपराखाली झरोके उघडे हवेत. सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूने पाणी ओघळलेलं दिसलं किंवा नाकाला अमोनिया झोंबला, तर झरोके कमी पडताहेत. सिल्कीचा तुरा अक्रोडासारखा बसका, त्यामुळे मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्न जातीच्या मानाने धोका कमी. मात्र कडकनाथासारखी हिचीही कातडी काळी, म्हणून हिमदंशाने काळवंडलेला भाग डोळ्यांना लवकर कळत नाही. तुरा आणि पायाची बोटं हाताने चाचपा, कडक लागतात का ते बघा.

२५० वॅटचा लाल दिवा लावू नका, हे मी अगदी ठासून सांगेन. भुसा, धूळ, पिसं आणि वर तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय उबेला सरावलेल्या कोंबड्या वादळात वीज गेली की एकदम गारठतात. धडधाकट, पूर्ण पिसं आलेल्या सिल्कींना मी उणे १८ सेल्सिअसपर्यंत काहीच लावत नाही. पारा त्याखाली जाणार असेल तर भिंतीलगत उभं राहणारं सपाट उष्णतेचं पॅनेल लावते. ज्या कोंबडीला हवं ती त्याला टेकते.

सिल्की सहसा उंच दांड्यावर जात नाहीत, खाली ढीग करून झोपतात. जमिनीवर वीतभर कोरडा लाकडी भुसा हवा, आणि बारीक जाळीने उंदीर आणि वीझलला वाट बंद हवी (वीझल म्हणजे इकडचा मुंगसासारखा शिकारी प्राणी, आपल्या मुंगसाहून बारीक, बोटभर फटीतूनही शिरतो). पाण्याचा उघडा वाडगा काढून टाका. पिताना दाढी आणि डोक्यावरचा झुपका भिजतो आणि बाहेर गेल्यावर गोठतो. गरम होणाऱ्या बादलीला आडवे निपल (चोचीने दाबलं की पाणी देणाऱ्या छोट्या तोट्या) लावलेत की प्रश्न मिटतो. पायांच्या पिसांत बर्फाचे गोळे अडकले तर टॉवेल आणि मंद ड्रायरने कातडीपर्यंत वाळवून मगच बाहेर सोडा. आजारी कोंबडीला दिवाणखान्यापेक्षा हीटिंग नसलेलं गॅरेज बरं, कारण उबेतून परत थंडीत जाणं तिला जड जातं.

संध्याकाळी मूठभर भरडलेला मका द्या, माझी आई फोनवर बाजरी टाक म्हणते, तीही चालते. मात्र नेहमीच्या खाद्याऐवजी नव्हे. सिल्कीचं पोट लहान, मक्यानेच भरलं तर प्रथिनं कमी पडतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तिघींपैकी एक ढिगात न शिरता कोपऱ्यात एकटी झोपते. ८५० ग्रॅमची तलंग हीच नसेल, तर आधी हिचं वजन करा. बाकीच्या दोघी तिला दाण्यावरून हाकलत असतील. खाद्याचं दुसरं भांडं पहिल्यावरून दिसणार नाही अशा जागी ठेवा, डोळ्यांवर येणारा झुपका थोडा कातरा आणि आठ दिवसांनी पुन्हा काट्यावर घ्या.