पिकअप भरली की मागून बसते: शॉकअप बदलू की पाटा वाढवू?

पाटाच, म्हणजे ॲक्सलवर गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. शॉकअप वजन पेलत नाही, फक्त उसळी आवरतो. आधी रिकामी गाडी सपाट जागी लावून दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजा. एक बाजू खाली असेल तर तुटलेला पाटा शोधा. पाटे धड असतील तर हेल्पर पाटा घ्या, तो वजन आल्यावरच टेकतो. पूर्ण लांबीचा पाटा वाढवला, तर मार्केट यार्डात माल उतरवून परतताना दिवे घाटात मागची बाजू उडते.

पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच टाका, चाकं जमिनीवर असताना टॉर्क पान्याने आवळा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. ढिले राहिले की पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो. मागच्या ब्रेकला लोड व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा) असेल तर उंची बदलल्यावर तो सेट करून घ्याच, नाहीतर भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. आरसीवरची वजनमर्यादा मात्र यानं वाढत नाही.